एका दाबाला दोन गोळ्या

पहिल्यांदा ते झालं तेव्हा माझी शूटिंग रेंजकडे पाठ होती. चार नंबरच्या लेनवर आमचे म्हातारे सभासद हाजी बसले होते आणि मी मागच्या टेबलावर दुसऱ्या एका बंदुकीची नळी पुसत होतो. हाजींचा ठेका मला पाठ होता. एक गोळी, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरी. त्या शुक्रवारी सकाळी दोन आवाज एकमेकांना चिकटून आले. बोट उचलून परत दाबायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही मध्ये नव्हता. मी वळलो तर रायफलचं तोंड वर गेलेलं आणि लक्ष्याच्या वरच्या लाकडी फळीतून भुसा गळत होता.

मी ओरडून सगळ्या लेन थांबवल्या. हाजींनी बोट बाजूला काढून रायफल खाली ठेवली, अगदी शिस्तीत, आणि माझ्याकडे बघून हसले. मला ते सदीक म्हणतात, म्हणजे मित्र.

"सदीक, ये शैतान दो बार बोला. मैं एक बार दबाया."

मी रायफल रिकामी केली, तिला लाल चिठ्ठी बांधली आणि आत शस्त्रागारात नेऊन ठेवली. एवढं करायला मला दोन मिनिटं लागली. पुढचे अकरा महिने या दोन मिनिटांच्या कामासाठी मी भांडत राहणार होतो, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मी या क्लबचा आर्मरर आहे. आखातातल्या या बेटावर, झल्लाक गावाच्या पुढे वाळवंटात आमची रेंज आहे. तिथल्या बंदुका साफ करणं, दुरुस्त करणं, लायनीवर द्यायच्या आधी तपासून रजिस्टरवर सही करणं हे माझं काम. मूळचा मी भुसावळकडचा. वडील शस्त्रांच्या कारखान्यात फिटर होते, मीही तिथेच शिकलो आणि नऊ वर्षांपूर्वी बायको आणि मुलीला घेऊन इकडे आलो. शहरात हूऱ्याला राहतो. मुलगी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते. बंदुकांचं मात्र तसं नसतं. काय बिघडलंय ते त्या आपल्या भाषेत सांगतात, ऐकणाऱ्याला कान पाहिजे, असं मला वाटायचं. ही रायफल मात्र मला तिचं दुखणं सांगायला तयार नव्हती.

ती सत्तर वर्षं तरी जुनी. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे गोळी सुटली की त्याच जोरावर पुढचं काडतूस आपोआप आत जातं, पण प्रत्येक गोळीला चाप सोडून परत दाबावा लागतो. हे कसं होतं ते सांगतो, नाहीतर माझी चिडचिड कोणाला कळायची नाही. आत एक हातोडी असते. चाप दाबला की ती सुटते आणि काडतुसावर आपटते. गोळी गेली की हातोडी मागे ढकलली जाते, तेव्हा चाप दाबलेलाच असतो. त्या क्षणी एक लहानसा आकडा हातोडीला पकडतो आणि तुम्ही चाप सोडेपर्यंत धरून ठेवतो. त्या आकड्याची कड झिजली की कधीतरी हातोडी त्याच्यावरून घसरते. तुम्ही एकदा दाबता, ती दोनदा आपटते. दुसरी गोळी कुठे जाईल ते कोणीच सांगू शकत नाही, कारण पहिलीच्या धक्क्याने नळी वर उचललेली असते.

अशा तीन जुन्या रायफली क्लबकडे होत्या. सभासदांना त्यांचं फार कौतुक. हाजींना तर दुसरी बंदूक चालतच नसे. जिदहफ्सहून दर शुक्रवारी यायचे, पांढरीशुभ्र पायघोळ कंदुरा, डोक्याला गुंडाळलेला रुमाल, पंचाहत्तरीच्या आसपास वय. वीस गोळ्या झाडायचे आणि दुपारच्या नमाजाआधी घरी.

त्याच दिवशी मी मॅनेजरांकडे गेलो. आमचे ऑपरेशन्स मॅनेजर पुण्याचे. माणूस हुशार, बोलणं मऊ, टेबलावर कधी कागद पडलेला दिसणार नाही. ते मला "तुम्ही" म्हणतात, मी त्यांना "सर" म्हणतो, आणि आमचं मराठी एकमेकांना भेटलं की दोघांचंही थोडं कडक होतं.

"सर, चार नंबरवरची जुनी रायफल डबल मारतेय. बाजूला ठेवली आहे."

"डबल म्हणजे? हाजींनी दोनदा दाबलं असेल. त्यांचं वय बघा."

"आवाजात अंतर नव्हतं, सर. माणसाचं बोट एवढं जलद चालत नाही."

"तुम्ही बघितलंत?"

"ऐकलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ऐकलं, म्हणजे बघितलं नाही. हे बघा, पुढच्या महिन्यात आपल्याकडे पाहुणे आहेत, त्यांना ह्या व्हिंटेज रायफलीच चालवायच्या आहेत. टेस्ट करा. फॉल्ट दिसला तर बोलू."

मी टेस्ट केली. मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं भरायची, एक झाडायची, दुसरी सुटते का बघायचं. म्हणजे सुटलीच तर दोनवर थांबते. अशा वीस जोड्या झाडल्या. एकदाही डबल नाही. मॅनेजर स्वतः आले, कानावर मफ चढवले आणि दहा जोड्या त्यांनी झाडल्या. रायफल शाळेतल्या हुशार मुलीसारखी वागली. आत उघडून पाहिलं. आकड्याची कड किंचित गोल झाली होती, पण मापात होती, निदान मापाच्या काठावर तरी. नाकारावी असं लिहायला माझ्याकडे काही नव्हतं.

"काढा ती चिठ्ठी," मॅनेजर म्हणाले.

मी चिठ्ठी काढली. याचा राग मला अजून स्वतःवरच येतो.

दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. हाजी, चार नंबर, दोन आवाज चिकटून. ह्या वेळी गोळी छताच्या लोखंडी तुळईला लागून चिरकत गेली आणि शेजारच्या लेनवरचा माणूस खाली बसला. कोणाला काही झालं नाही. मॅनेजर तेव्हा काचेमागेच उभे होते.

"बघितलंत?" ते मला म्हणाले. "दुसऱ्या कोणाच्या हातात होतं का हे कधी? फक्त त्यांच्याच हातात होतं. हात थरथरतो त्यांचा."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. चाळीस काडतुसं मी झाडली, वीस मॅनेजरांनी झाडली, इतर सभासदांनी किती झाडली असतील. कोणाला काही नाही. मग बंदुकीला दोष कसा द्यायचा?

त्या संध्याकाळी ऑफिसातून हाजींच्या नावाने पत्र निघालं. असुरक्षित हाताळणी, म्हणून रायफल चालवायला मनाई; वाटल्यास हवेच्या बंदुकीची लेन खुली आहे. पत्र इंग्रजीत होतं. हाजींना इंग्रजी वाचता येत नाही. पुढच्या शुक्रवारी ते आले तेव्हा मॅनेजर मीटिंगमध्ये होते आणि ते पत्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

मी आमच्या नेहमीच्या मोडक्या हिंदीत सांगितलं. हाजी ऐकत होते. मग त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला, तळवा खाली. थोडा थरथरत होता. कोणाचा नाही थरथरणार त्या वयात?

"हवा वाला बंदूक बच्चा लोग का है," ते म्हणाले. "तू भी बोलता है मेरा हाथ खराब?"

मी पत्राची घडी करून त्यांच्या हातात दिली. ते गाडीत बसून निघून गेले, आणि पुढचा शुक्रवार ते आले नाहीत, त्याच्या पुढचाही नाही.

ती रायफल मी रोज उघडत होतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कधी शिफ्ट संपल्यावर. स्प्रिंग काढून मोजायची, भिंगाखाली आकडा बघायचा, परत जोडायचं, शंभरदा रिकामा चाप दाबायचा. शंभरदा आकडा हातोडी पकडायचा. मी घरी येऊन जेवताना तेच बोलायचो. बायको एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून आलेली असते, तरी तिने बिचारीने तीन आठवडे ऐकलं. शेवटी एकदा पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुम्ही दाबता तसं ते हाजी दाबतात का?"

"दाबणं ते दाबणं. त्यात काय तसं नि असं?"

"तुमचं बोट म्हणजे नुसती पकड आहे. परवा रिमोटचं बटण आत गेलं ते बाहेर आलंच नाही. त्यांच्यासारखं दाबून बघा की."

मी हातातला घास तसाच धरून बसलो. कारखान्यात शिकलेला माणूस मी, आणि एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. आम्ही सगळ्यांनी ती रायफल आमच्यासारखीच दाबली होती: पूर्ण मागे, खाडकन. चाप पूर्ण मागे असला की आकडा पण पूर्ण पुढे येतो आणि झिजलेली कडसुद्धा धरून ठेवते. अर्धाच दाबला तर?

हाजींना विचारल्याशिवाय हे कळणार नव्हतं. सोमवारी सुट्टी घेतली आणि जिदहफ्सला गेलो. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं घर, पुढच्या खोलीत भिंतीला लागून गाद्या. त्यांनी मला आत घेतलं, कॉफी दिली, खजूर पुढे केले. दोन कप झाले तेव्हा मी कप हलवून पुरे म्हणालो आणि विषय काढला.

"हाजी, उस दिन आप पूछा, आपका हाथ खराब है क्या. मेरे को मालूम नहीं था. अभी भी मालूम नहीं. आप दिखाओ, आप कैसे दबाते हो."

"बंदूक किधर है?"

"मेरी उंगली पे दिखाओ."

त्यांनी कप बाजूला सारला. मला वाटलं, उठून जा म्हणतील. मग ते सरकून जवळ आले, माझी तर्जनी वाकवून चाप असावा तशी धरली आणि आपलं बोट तिच्यावर ठेवलं. दाब आला, पण इतका हळू की कधी सुरू झाला ते कळलं नाही. वाढत वाढत एका जागी आला आणि तिथेच थांबला. पुढे ओढला नाही, सोडलाही नाही. वजन जितकं लागतं तितकंच.

"मेरा चाचा सिखाया," हाजी म्हणाले. "गोली गया, उंगली उधर ही रुको. खींचो मत."

त्यांचा हात थरथरत होता, पण बोटाचा दाब थरथरत नव्हता. मी ते बोट डोक्यात ठेवून घरी आलो. गाडी चालवतानासुद्धा स्टिअरिंगवर तसंच दाबून बघत होतो.

बुधवारी रेंज बंद असते. मी रायफल टेकूवर घट्ट बांधली, तोंड मातीच्या बंधाऱ्याकडे, दोन-दोन काडतुसं. हाजींसारखं दाबायला मला खूप त्रास झाला. माझं बोट ऐकतच नव्हतं, गोळी सुटली की सवयीने मागे ओढायचं. सातव्या जोडीला जमलं. दोन आवाज, चिकटून.

मी एकटाच होतो तिथे. आनंदाने ओरडलोसुद्धा असेन. पुढच्या वीस जोड्यांत अजून दोनदा झालं. म्हणजे आकडा झिजलेलाच होता, आणि आम्हा सगळ्यांत फक्त हाजींचं बोट इतकं शिकलेलं होतं की त्याने तो उघडा पाडला. आम्ही मात्र त्या बोटालाच शिक्षा केली होती.

मॅनेजरांना फोन केला. ते आले, चांगले बूट घालून, काँक्रीटच्या कडेला उभे राहिले. मी जोडी झाडली. काही नाही. दुसरी, तिसरी, दहावी. काही नाही. माझ्या बोटाला घाम यायला लागला. त्यांनी मोबाइल पाहिला. वीस मिनिटांनी म्हणाले, "ठीक आहे, बघू," आणि निघाले. ते फाटकापर्यंत पोचले असतील नसतील, रायफलने डबल मारली.

मी धावत गेलो. "सर, आता ऐकलंत ना?"

"ऐकलं. पण तुम्ही मुद्दाम विचित्र दाबताय."

"सर, कसंही दाबलं तरी एकच सुटायला पाहिजे. त्यासाठीच तर तो आकडा असतो."

"नॉर्मल माणूस असं दाबतो का?"

"हाजी दाबतात."

"तेच म्हणतोय मी!" ते म्हणाले, जणू मी त्यांचीच बाजू मांडली होती.

मी चार पानी रिपोर्ट लिहिला, फोटो लावले. दोन दिवसांनी तो माझ्याकडे सहीसाठी परत आला तेव्हा एक पान उरलं होतं. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं: चाप दाबण्याची चुकीची पद्धत. खाली 'रायफल वापरायला योग्य' असा शेरा, आणि सहीची रिकामी जागा.

मी सही केली नाही. मॅनेजर रागावले नाहीत, हेच जास्त त्रासाचं होतं. मऊ आवाजात म्हणाले, "तुमचा व्हिसा रिन्यूअलला आहे ना ह्या वर्षी? मी तुमच्या चांगल्यासाठीच सांगतोय." मी म्हटलं, सर, माझ्या सहीशिवाय ती लायनीवर जाणार नाही. एवढं बोलून खाली आलो आणि शस्त्रागारात जाऊन रायफलला परत लाल चिठ्ठी बांधली.

घरी सांगितलं. बायकोने व्हिसाची तारीख विचारली, मग म्हणाली, "नका करू सही." मुलगी अभ्यास करत होती, तिने मान वर करून इंग्रजीतच विचारलं की कोणाला लागलं असतं तर सर काय म्हणाले असते. मी मराठीत म्हणालो, तेव्हाही त्यांनी हाजींचाच हात दाखवला असता.

पाहुणे आले त्या दिवशी ती रायफल काचेच्या पेटीत ठेवली गेली. बघायला, चालवायला नाही. मॅनेजरांनी पाहुण्यांना सांगितलं की फार जुनी आहे, आम्ही तिला जपतो. मी मागे उभा होतो. कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही, आणि रिपोर्ट तसाच पडून राहिला.

नवीन आकडा मागवण्याच्या अर्जावर त्यांनी सही केली, एवढं मात्र केलं. मग कागद फिरायला लागले. बंदुकीचा भाग, त्यामुळे चार ठिकाणची परवानगी. ज्या खिडकीवर जावं तिथे "बुकरा, इंशाल्ला", म्हणजे उद्या बघू. रमजान आला, ऑफिसच्या वेळा कमी झाल्या. ईदनंतर पाकीट आलं, उघडलं तर भाग दुसऱ्याच मॉडेलचा. अक्षरशः माझ्या करंगळीच्या नखाएवढा तुकडा, आणि चुकीचा. परत पाठवा, परत अर्ज, परत बुकरा. उन्हाळ्यात रेंज सकाळी दोन तास चालायची, लोखंडाला हात लावला तर चटका बसायचा. ऑगस्टच्या शेवटी बरोबर भाग आला.

मी तो बसवला आणि हाजींच्या बोटाने तीनशे गोळ्या झाडल्या. आता ती पद्धत मला येत होती. प्रत्येक दाबाला एक. मग हाजींना फोन केला. मनाई कागदावर तशीच होती, पण लायनीवर रायफल द्यायची सही माझी होती.

ते ऑक्टोबरात आले. थोडे वाळले होते. चार नंबरवर बसले, पाच गोळ्या झाडल्या, एक, एक, एक. कागदावरची भोकं चांगली पांगलेली होती, पण ते त्यांना नवीन नव्हतं. रायफल खाली ठेवून त्यांनी विचारलं, "लिखा ना तू, बंदूक खराब था?"

"मेरे रजिस्टर में लिखा है."

"और ऑफिस में? मेरे कागज में?"

खोटं बोलावंसं वाटलं. त्यांच्या फाइलमधून तो शेरा काढा म्हणून मी तीन ई-मेल टाकले होते. तिसऱ्याला उत्तर आलं होतं: मॅटर क्लोज्ड.

"ऑफिस में नहीं लिखा, हाजी. उधर अभी भी आपका हाथ ही लिखा है."

हाजी उठले. यल्ला, चल, म्हणाले, आणि मला पुढे घालून जिना चढले. मॅनेजर खुर्चीतून उभे राहिले, या या, बसा, चहा मागवतो. हाजी बसले नाहीत. कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले, "मेरा कागज खोलो." मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. फाइल उघडली. हाजींनी मला वाचून दाखवायला सांगितलं, मी पुन्हा एकदा वाचलं.

"ये झूठ है," हाजी शांतपणे म्हणाले. "बंदूक खराब था. ये आदमी जानता है. तुम भी जानता है. बदलो."

मॅनेजरांनी टाइप केलं. यंत्रातील दोष, दुरुस्ती पूर्ण, सभासदाची चूक नाही. छापून, सही करून दिलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. हाजींनी कागदाची चौकोनी घडी केली, खिशात ठेवली आणि राहिलेल्या पंधरा गोळ्या झाडायला खाली गेले.

मीही निघालो होतो, पण मॅनेजरांनी थांबवलं. दार लोटून घेतलं आणि त्याच मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही हे मला आधीच नीट एक्सप्लेन करायला पाहिजे होतं."

माझ्या तोंडात चार पानी रिपोर्ट आला, तीन ई-मेल आले, फाटकापर्यंतची माझी धाव आली. पण खाली चार नंबरवर हाजी काडतुसं भरत होते, आणि भरलेल्या रायफलपाशी माणूस एकटा असता कामा नये. "हो सर," म्हणालो आणि जिना उतरलो.